दुसऱ्या पानावरची कथा

१९४७च्या मोहरमच्या तोंडावर आमच्या साप्ताहिकात एक कथा बातमी म्हणून छापली गेली.

मी तेव्हा हिंगोलीत उपसंपादक होतो. कथा नारायण मास्तरांची. कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यात ते शाळा चालवत आणि आम्हाला बातम्याही पाठवत. त्यांच्या गावात मोहरमची सवारी, म्हणजे पीराचा पंजा, बसे. लेकरू दुखण्यातून उठावं म्हणून हिंदू आया सवारीला नवस बोलत. मग मुजावर, म्हणजे सवारीची सेवा करणारा, त्या लेकराच्या गळ्यात लाल-हिरवा दोरा बांधी. लेकरू फकीर होई, पाच घरी मागून खाई. सवारी नदीवर गेली की दोराही पाण्यात सोडत.

मास्तरांच्या कथेतली आई सवारी उठण्याआधीच तो दोरा विळ्याने कापते आणि चुलीत घालते. कथा तिथेच संपते. त्या वर्षी गावोगाव हिंदू-मुसलमानांना एकमेकांची धास्ती होती.

संपादक अण्णा म्हणाले, "मास्तर, दोरा कापला म्हणजे काय कापलं, ते एका ओळीत सांगा की."

"ते सांगायचं तर कथा कशाला लिहू?"

"वाचणारे आपले अडतदुकानवाले आहेत."

"त्यांच्या लेकरांनीबी दोरे बांधलेत, अण्णा. बराबर कळंल."

कथा चौथ्या पानावर जाई. तिथे 'कथा' असा ठोकळा, म्हणजे लाकडावर बसवलेला मथळा, कायम लावलेला असे. पान मशीनवर चढवताना तहसीलमधून जाहीरनामा आला. तो नाकारता येत नसे. त्याला चौथ्या पानावर जागा करायला अण्णांनी कथा दुसऱ्या पानावर हलवली. जाहीरनाम्यावर 'कथा' छापलं असतं तर छापखान्याला कुलूप लागलं असतं, म्हणून फोरमनने ठोकळा आधी काढला. तो दुसऱ्या पानावर बसवायचा राहिला. त्या पानाचा कायमचा मथळा होता, 'आमच्या वार्ताहराकडून'. नवं प्रूफ निघालं नाही.

कळमनुरीच्या बाजारात अंक मोठ्याने वाचला गेला. मग मास्तर हिंगोलीला आले. सोबत त्यांच्या गावचे मुजावर, दस्तगीर चाचा. खुर्ची दिली तरी चाचा बसले नाहीत.

"कोन्ती माय हाय ती? नाव सांगा. आमी तिच्या दारात जाऊन पुसतो, काहून कापला?"

"चाचा, कितींदा सांगू? अशी बाईच न्हाई. म्या रचली."

"तुमच्या पोराला म्याच बांधला व्हता ना, मास्तर? मंग असं काहून रचलं?"



पुढच्या अंकात अण्णांनी पहिल्या पानावर खुलासा दिला: तो मजकूर कल्पित आहे, अशी घटना कोठेही घडलेली नाही. अडचण वेगळीच होती. त्या काळी आमचे खुलासे बहुधा वरून दट्ट्या आला की छापले जात, आणि वाचकांना ते माहीत होतं.

मी मास्तरांबरोबर त्यांच्या गावी गेलो. पारावर खुलासा वाचून दाखवला. नातवासाठी नवस बोललेल्या चंद्रामावशी समोरच उभ्या होत्या.

"घडलं, म्हणूनच तर न्हाई घडलं असं छापून राहिले," त्या म्हणाल्या.

"मावशी, म्या सोता लिवलंय ते."

"तुमाला बी दटावलं आसंल, मास्तर. तुमी तरी काय करताल?"

"मग नवसाचं काय?" मी विचारलं.

"औंढ्याच्या महादेवाला फेडीन. देव कुटंबी असला तरी देवच हाय. पन लेकरू एकच हाय."

सवारी बसली. चाचांनी नेहमीसारखे दोरे वळून ठेवले. दोरे बांधायच्या दिवशी एकही हिंदू घरातलं लेकरू आलं नाही. मास्तर एकटेच आले. त्यांची बायको आदल्या दिवशी मुलाला घेऊन माहेरी गेली होती. ती कथा आहे हे तिला ठाऊक होतं. मास्तरांनी ती पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवली होती.