निंबाखालचे चेंडू

माहेरी मला सगळे फटकळ म्हणायचे आणि सासरी आल्यावरही ते नाव पुसलं गेलं नाही. तरी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवताना मी एकाही वहीवर 'चूक' असा शब्द लिहिला नाही. तोंडाने रागवायचं आणि वहीवर 'छान' लिहायचं, ही माझी पद्धत. पाढा अर्धाच आला तरी छान, 'ळ' उलटा काढला तरी छान. एवढ्याशा पोरांचं मन कशाला मोडा, असं मला वाटायचं. या सवयीने म्हातारपणी माझ्याच घरात काय घोळ घातला, ते सांगते.

ह्यांची नोकरी जळगावला, पाइपच्या कारखान्यात. एकदा कारखान्याने सहा महिने परदेशी प्रशिक्षणाला पाठवलं. लोक परदेशातून घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. हे गोल्फच्या सात काठ्या घेऊन आले. "काठ्या नाही, क्लब म्हण," असं पहिल्याच दिवशी मला बजावलं. मी आजतागायत काठ्याच म्हणते. जळगावात गोल्फचं मैदान कुठलं असायला? वर्षातून एकदा-दोनदा नाशिकला एका मित्राकडे जाऊन खेळायचे, आणि बाकीचं वर्षभर त्या काठ्या कपाटामागे उभ्या. झाडताना हमखास माझ्या पायावर पडायच्या.

निवृत्तीनंतर आम्ही धुळ्याला आलो. गावाबाहेर माझ्या धाकट्या दिरांचं कापसाचं वावर आहे. पऱ्हाट्या उपटल्या की फेब्रुवारीपासून पेरणीपर्यंत ते रिकामंच असतं. ह्यांना हवंच होतं ते. रोज सकाळी सहाला काठ्या स्कूटरला बांधून निघायचे. दीर पहिल्यांदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, भाऊ वावरमा काय खोदी ऱ्हायना?" मी म्हटलं, "खेळताहेत. नांगरटीचे पैसे वाचतील तुमचे." दीर हसले, पण बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते.

मग डोळ्यांचं निघालं. पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजवा डोळा बराच गेलेला, डाव्याच्याही मध्यावर डाग आलेला. कडेकडेचं दिसतं आणि मधलं नेमकं जातं, असा तो आजार. माझ्याकडे बघितलं की ह्यांना माझे कान दिसायचे, खांद्यावरचा पदर दिसायचा, चेहऱ्याच्या जागी मात्र धुरकट डाग. "बरं झालं," म्हणाले, "तुझ्या कपाळावरच्या आठ्या दिसत नाहीत आता." मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला फार भीती वाटली होती.

ह्यांनी तक्रार केली नाही. एकच गोष्ट मागितली. नाशिकच्या मैदानावर मित्राबरोबर नऊच्या नऊ होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, एकदा पुरे खेळायचे, दिसतंय तोवर. "पायाशी असलेला चेंडू मान तिरकी केली की दिसतो मला," ते म्हणाले. "उडालेला दिसत नाही. तो तू बघायचा आणि मला सांगायचं. तू सांगशील तसा मी हात सुधारीन." एवढं साधं काम होतं माझं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटर चालवायला लागले आणि हे मागे बसायला लागले. सराव म्हणजे नुसतं धोपटणं नसतं, हे मला तिथे कळलं. आधी मी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आडवी रेघ ओढायची. रेघेवर चेंडू नसायचाच. हे नुसती काठी फिरवायचे आणि माती रेघेच्या पुढे उडाली की मागे, ते मी बघायचं. पुढे उडाली तर बरोबर. मग दोन्ही काखांत पंचा धरून अर्धाच फेरा घ्यायचा. पंचा पडला म्हणजे हात अंगापासून सुटले. मग पाय जुळवून दहा फटके, म्हणजे तोल कळतो. शेवटी चेंडू ठेवायचा आणि समोरच्या बांधावरच्या निंबाकडे मारायचा. काखेत पंचा धरून उभे राहिलेले हे बघून रस्त्याने जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. मीही हसून घ्यायचे. "पडला बघा पंचा, आंघोळीला चाललात की काय?" असं ओरडायचे. रेघेचं आणि पंच्याचं मी अगदी खरंखरं सांगायचे.

चेंडूचं मात्र पहिल्याच दिवशी चुकलं. हे मान तिरकी करून उभे राहिले, सात नंबरची काठी फिरवली, चेंडू छान उंच उडाला आणि वळत वळत उजवीकडे शेजारच्या विहिरीच्या अंगाला जाऊन पडला. निंब राहिला पार डावीकडे. ह्यांनी तोंड निंबाकडे केलं. डोळे बारीक केले. काही दिसत नव्हतं, तरी बघत होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सरळ गेला?"

त्या वेळी त्यांचा चेहरा इतका आशेने भरलेला होता की मी म्हटलं, "सरळ. निंबाखाली."

एकदा सरळ म्हटलं की दुसऱ्याला वाकडं कसं म्हणणार? तो चेंडूही विहिरीकडेच गेला होता. मी 'निंबाखाली' म्हटलं आणि चेंडू आणायला आधी निंबाच्या दिशेने चालायला लागले, पावलांचा आवाज बरोबर यावा म्हणून. मग बांधाच्या कडेने वळसा घालून विहिरीकडे. यायला उशीर का झाला असं ह्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, भेगेत गेला होता. आमची काळी जमीन उन्हाळ्यात अशी उलते की हाताचा पंजा आत जातो. दोन-चार चेंडू भेगांनी खरोखरच गिळले होते. त्यामुळे ती थाप खपून गेली. महिनाभर मी थापा मारत होते आणि घरी येऊन आनंदाने भाकरी टाकत होते. हेही आनंदात. रात्रीच्या जेवणात गूळ मागून घ्यायचे. नाशिकच्या मित्राला फोनवर सांगायचे, "अरे, नजर गेली आणि हात सरळ झाला." ते ऐकलं की मी उठून ओटा पुसायला लागायचे. पण मी मनाला समजावायचे की माणूस खूश आहे ना.

एप्रिलच्या शेवटी आम्ही नाशिकला गेलो. पहिला फटका. मी तोंड उघडणार, तोच काठ्यांची पिशवी उचलायला दिलेला तिथला माणूस, आमच्याच वयाचा, म्हणाला, "साहेब, उजवीकडे. झुडपात." मित्र म्हणाला, वारा आहे. दुसराही उजवीकडे. तिसऱ्या होलला चेंडू उजवीकडच्या तळ्यात गेला, तेव्हा मित्राने वाऱ्याचं नाव काढलं नाही. त्या माणसानेच नीट बघून सांगितलं, "साहेब, तुम्ही चेंडू बघायला मान फिरवता, त्याबरोबर खांदा उघडतो. रोज असाच जात असेल."

चौथ्या होलनंतर हे थांबले. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तिकडे वावरातही असाच जात होता?"

मी हो म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

त्यांनी काठी पिशवीत ठेवली, मित्राला 'ऊन लागलं' म्हणून सांगितलं आणि झाडाखाली जाऊन बसले. पाच होल राहिले ते राहिलेच. परतीच्या बसमध्ये मालेगाव येईस्तोवर हे काठ्यांची पिशवी गुडघ्यांत धरून बसले. आमच्या घरात बोलणं पुस्तकी मराठीत, पण ह्यांना खूप आनंद झाला किंवा खूप लागलं की गावची बोली तोंडात येते. मालेगावच्या स्टँडवर म्हणाले, "तू तरी माले खरं सांगशी, आसं वाटनं व्हतं." मी चहा आणते म्हणून खाली उतरले आणि चहा न घेताच परत येऊन बसले.

हे रागावले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कधी कमी पडले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळंच झालं. गोळ्यांची पाकिटं वाचून देणं हे माझं रोजचं काम. मी नेहमीसारखं सांगितलं, ही रक्तदाबाची, ही डोळ्यांची, नाश्त्यानंतर घ्यायची. ह्यांनी दोन्ही पाकिटं घेतली, चप्पल घातली आणि भिंत चाचपत शेजारच्या मास्तरांच्या दारात गेले. मला खिडकीतून ऐकू आलं. "जरा वाचता का, रक्तदाबाची कुठली?"

चाळीस वर्षांच्या संसारात मला इतकं काही लागलं नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या डोळ्यांवर आता त्यांचा भरवसा नव्हता. पुढे तर सगळंच माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, पेपर, पत्रं, पायरी, रस्ता. मग 'छान' लिहिलेल्या त्या सगळ्या वह्या आठवल्या. पाढा न येताच पुढच्या वर्गात गेलेल्या पोरांचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आठ दिवस काठ्या कपाटामागे होत्या. नवव्या दिवशी सकाळी मी त्या स्कूटरला बांधल्या आणि म्हटलं, "चला." "कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "उजवीकडे जातोय तो सरळ करायला. बसा मागे." बसले. कदाचित माझा आवाज ऐकूनच बसले असतील.

येताना मी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक दांडकं घेतलं होतं. लहानपणी आमच्या बाजरीच्या शेतात कणसं भरली की पाखरं हाकलायचं काम माझ्याकडे असायचं. मचाणावर बसून डबा बडवायचा. त्या आवाजावर आई अर्ध्या कोसावरून मी कुठे आहे ते ओळखायची. मी ह्यांना रेघेपाशी उभं केलं. मान सरळ ठेवा, म्हटलं, चेंडू बघूच नका, रेघेच्या अंदाजाने मारा आणि काठी माझ्या आवाजाच्या दिशेने फिरवा. मग निंबाच्या बुंध्याआड जाऊन डबा बडवायला लागले.

"तुला लागला तर?" तिकडून ओरडले.

"आधी इकडे येऊ तर द्या," मी ओरडले.

पहिला फटका जमिनीतच बसला. "माती!" मी सांगितलं. "रेघेच्या मागे, वीतभर." दुसरा उजवीकडे. "उजवीकडे. वीस पावलं. विहिरीच्या अलीकडे." तिसरा उजवीकडे, चौथा उजवीकडे. प्रत्येक वेळी मी पावलं मोजून खरं सांगायचे. पाचव्या फटक्यानंतर ह्यांनी काठी जमिनीला टेकवली. मला वाटलं, आता काठी टाकणार. पण त्यांनी डाव्या हाताची पकड थोडी फिरवली, काखेत पंचा घेतला आणि अर्धा फेरा मारला.

"उजवीकडे," मी म्हटलं. "बारा पावलं."

"बारा?"

"बारा. मोजली."

आणि हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. विसाचे बारा झाले, हे त्यांना माझ्या तोंडून खरं वाटलं होतं. निंबाआड उभी राहून मी डोळे पुसले आणि पुन्हा डबा बडवला. दीर बांधावर आले होते. "वहिनी, पाखरं तं दिखत नही," म्हणाले. मी त्यांना चेंडू शोधायला लावलं.

नऊ होल अजून झालेले नाहीत. दिवाळीनंतर जाऊ म्हणतात. दहातले सहा चेंडू आता निंबाच्या आसपास पडतात, दोन डावीकडे जातात आणि बाकीचे कुठेही. मास्तरांकडे पाकिटं नेणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. एका सकाळी मी सांगितलेली गोळी त्यांनी घेतली आणि पाणी प्यायले, एवढंच.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीचा कागद आला. दुपारची वेळ होती, हे झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "वाच." मी आधी मनात वाचला. डाव्या डोळ्याचा मधला भागही आता उजव्यासारखाच गेला होता. कागद दोन ओळींचा होता आणि त्या दोन ओळी सहज बदलता आल्या असत्या. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे माझ्या कानाकडे. मी खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले, त्यांचा हात धरला आणि जसं लिहिलं होतं तसं वाचलं. एकही शब्द गाळला नाही.

झोपाळा थांबला होता. मग त्यांनी माझा हात दोनदा थोपटला.

"बरं," म्हणाले. "उद्यापासून रेघ जरा जाड ओढ."