द्राक्षांचं छत

समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या अकरा आणि बारा नंबरच्या घरांची मधली भिंत एकच. एकाचा जिना उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. राणीच्या काळात एकेका घरात एकेक कुटुंब राही, मोलकरणी तळघरात. पुढे घरांचे फ्लॅट केले, तेव्हा अकराच्या दिवाणखान्याचे तीन तुकडे झाले आणि समुद्राकडचा तुकडा ईनिड एकहर्स्टला भाड्याने मिळाला. बाहेर आलेल्या गोल खिडकीचा अर्धाच भाग तिचा, बाकी अर्धा आडभिंतीपलीकडे. पण त्या अर्ध्यात एक खुर्ची मावे. चाळीस वर्षं ईनिड तिथे बसून चहा प्याली.

तुकडे पाडताना छताला खालून फळ्या मारल्या, त्या तिच्या नवऱ्याने, लेनने. तो गिलाव्याचा कारागीर. छतावर गिलाव्यात घडवलेली द्राक्षवेल फोडून टाक, असं मालकाने बजावलं होतं. लेनने ती फोडली नाही. पानांमधल्या फटी शोधून तेवढ्यातच खिळे ठोकले आणि वेल झाकली. ईनिडला म्हणाला, "ज्यानं ही केली तो वर भेटला, तर काय तोंड दाखवू?"

लेन गेला. मग रूपर्ट फॉकने दोन्ही घरं विकत घेतली. भाडेकरू घाबरले, ईनिड मात्र नाही. जुन्या घरांची कदर असलेला माणूस वाटला तिला. चहाला बोलावून तिने लेनची गोष्ट सांगितली. फॉकने स्टुलावर चढून एक फळी उचकटली, टॉर्च मारला आणि बराच वेळ खाली उतरलाच नाही.

तीन महिन्यांत पत्र आलं. दिवाणखाना मूळचा होता तसा एकसंध करायचा होता. ईनिडला बारा नंबरच्या तळघरात खोली. पर्यायी जागा दिली की कायद्याचं समाधान होतं. काय करावं, असं तिने चर्चमधल्या पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करतो. त्यांनी केलीही.

काम पुरं झाल्यावर फॉकने पाहुणे बोलावले, तिलाही. वेल पांढरीशुभ्र, खाली पाहुण्यांच्या माना वर वळलेल्या. कोण्या अडाण्याने हिच्यावर खिळे ठोकले होते, असं फॉक सांगत होता.

"पान एकही फुटलेलं नाही, साहेब," ईनिड म्हणाली. "मोजून बघा."

एका बाईने विचारलं, या कोण?

"आमच्या ईनिड. पूर्वी इथेच असायच्या," फॉक म्हणाला. "तळघरात छान रमल्यात."

सगळे हसले, चांगल्या मनाने. पाय दुखत होते म्हणून ईनिडने हळूच विचारलं, खिडकीत पाच मिनिटं बसू का?

"आज नको हं, ईनिड. त्या कोपऱ्याचे फोटो काढायचेत."

ती दारापाशीच उभी राहिली. मग कोणीतरी रिकामा ग्लास तिच्या हातात दिला, नंतर दुसऱ्यानेही. तिने ते नेऊन धुतले.