आबांचं गाऱ्हाणं आणि ब्राउझर

आबांनी आयुष्यात कुठलंच काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू केलं नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. गावकीतले ते वडीलधारे, त्यामुळे वाघजाई देवीपुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने हे मागणं बोलायचं काम त्यांचं. त्यांनी एक ओळ म्हणायची आणि जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, ही रीत. पण आबांना त्यासाठी देऊळच लागायचं असं नाही. महाडला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या, प्रिंटरपुढे नारळ ठेवला आणि हे यंत्र नीट चालू दे म्हणून देवीला सांगितलं. झेरॉक्स काढायला आलेले एक वकील सवयीने ‘व्हय महाराजा’ म्हणाले. प्रिंटर अडकायचा तेव्हा अडकलाच.

वाडीची निम्मी माणसं मुंबईकडे. त्यांच्या मंडळाने वाडीची वेबसाइट करायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पालखीचे फोटो, एसटीच्या वेळा, कोणाचं लग्न, कोण वारलं, एवढाच मजकूर. आबांची अट एकच होती, साइट उघडली की गाऱ्हाणं आपोआप वाजलं पाहिजे. मी ते दुकानातच रेकॉर्ड केलं. त्यात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी एक ओळ होती, “माझा रमेश हाय डोंबिवलीला, त्याला बरा ठेव.”

रमेश हा त्यांचा मुलगा. जवळच्या एका गावावर दरड कोसळली त्या पावसाळ्यानंतर त्याने वडिलांमागे डोंगर सोडून खाली चला म्हणून धोशा लावला. आबा नाही म्हणाले. दोघेही एका माळेचे मणी, त्यामुळे बोलणं बंद झालं ते झालंच. एसटीच्या वेळा बघायला का होईना, रमेश साइट उघडेल आणि मग ती ओळ ऐकणं त्याला चुकणार नाही, असा आबांचा बेत होता.

साइट चालू झाल्यावर अंधेरीच्या एका ऑफिसात वाडीच्या मुलाने ती भर मीटिंगमध्ये उघडली. स्पीकर मोठा होता. साहेबांना मराठी येत नव्हतं, तरी ते हात जोडून उभे राहिले म्हणे. हे ऐकून आबा म्हणाले, “मंग त्यांचंबी नाव घालाया पायजे.”

अशातच ब्राउझरवाल्यांनी जाहीर केलं की येत्या अपडेटपासून माणसाने स्वतः बोट लावल्याशिवाय कुठल्याही साइटचा आवाज वाजणार नाही. मी आबांना फोन केला. ते सकाळच्या गाडीने आले.

“म्हंजे ऐकणाऱ्याला विचारायचं?” ते म्हणाले.

“हो आबा.”

“बाय गो, गाऱ्हाणं काय विचारून घालत्यात? पोर तापानं फणफणलं तर त्याला विचारून नवस बोलतो काय आपण?”

मग त्यांनी तिथेच डोळे मिटले आणि “ते जे कोण असतील त्यांना सुबुद्धी दे, त्यांची पोरंबाळं सुखी ठेव,” असं ब्राउझरवाल्यांसाठी गाऱ्हाणं घातलं. मी ‘व्हय महाराजा’ म्हटलं. अपडेटची तारीख बदलली नाही.

“बटण ठेवावं लागेल,” मी म्हणाले. “ज्याला ऐकायचं तो दाबेल.”

आबांनी चहा संपवला. मग म्हणाले, “रमेश नाय दाबायचा.” ते त्यांनी एसटी गेली म्हणावं इतक्या साधेपणाने सांगितलं. मला मात्र फार वाईट वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या ब्राउझरवाल्यांचा रागही आला.

बटणावर मी ‘येथे दाबा’ लिहिलं होतं. “दाबा काय? पाय हायेत काय ते? ‘व्हय महाराजा’ लिही. आधी होकार, मंग गाऱ्हाणं. उलटं हाय, पर आईला चालंल.” बटण मी पानाच्या वरच ठेवलं होतं. तेही त्यांना पटलं नाही. “वर नको. चुकून बोट लागलेलं नको. पार तळाला घाल. शोधून दाबलेलं पायजे.” आमच्या धंद्यात बटणासाठी याहून वाईट जागा नाही. मी ते फोटोंच्या खाली, एसटीच्या वेळांच्याही खाली, उजव्या कोपऱ्यात बारीक करून ठेवलं.

त्यानंतर आबांचा अधूनमधून फोन यायचा. आधी देवीचं नाव, मग प्रश्न.

“दाबत्यात काय गो?”

“दाबतात आबा.”

“कोण?”

“ते नाही कळत.”

“बरं.” की फोन बंद.

भाद्रपदात आबा गेले. तेराव्याला मी वाडीवर गेले. रमेश आला होता आणि सगळं मुकाट्याने करत होता. दुपारनंतर परत निघालेल्या मुंबईकरांच्या गाड्या देवळासमोर उभ्या राहिल्या. गाऱ्हाण्याशिवाय तिथून गाडी हलत नाही, आणि ते घालणारं माणूस आता नव्हतं. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. “ऱ्हाऊ दे आज, उशीर होतोय,” कोणीतरी म्हणालं.

रमेशने खिशातून फोन काढला. साइट उघडली आणि तो देवळाकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्या शेजारीच होते. त्याची नजर वाघजाईवर होती आणि अंगठा फोटो, एसटीच्या वेळा मागे टाकत खाली गेला, तो थेट त्या उजव्या कोपऱ्यात. स्क्रीनकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

आबांचा आवाज आला. सगळ्यांची नावं झाली. मग, “माझा रमेश हाय डोंबिवलीला, त्याला बरा ठेव.”

आम्ही सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणालो. रमेश आमचं झाल्यावर, एकटाच म्हणाला.