साठाच्या पेटीत बासष्ट

“काटा बिघडला असन तुमचा! माह्या संत्र्याचं वजन मले शिकवता काय?”

माझे मामा कंटेनर डेपोच्या वजनकाट्यापाशी उभे राहून ओरडत होते. मामा काटोलात शिंकले तर वर्ध्यात लोक दाराला कडी घालतात. काट्यावरचा साहेब मात्र स्क्रीनकडं बघत गार बसला होता. कागदावर लिहिल्यापेक्षा माल चार क्विंटल जास्त भरला होता. कारण कळल्याशिवाय तो कंटेनर आत घेणार नव्हता. बंदराकडं जाणारी मालगाडी संध्याकाळी पाचला सुटणार होती. ती चुकली की जहाज चुकणार, आणि मामांची दुबईची पहिली खेप इथंच नागपुरात सडणार.

मामांनी जन्मभर संत्री तणसात भरून ट्रकनं धाडली. फार तर दिल्लीपर्यंत. मग ही थंडगार लोखंडी खोली निघाली, रूळ थेट डेपोत आले, परदेशातलं गिऱ्हाईक फोनवर बोलू लागलं आणि मामांच्या डोक्यात समुद्र शिरला. कंटेनरच्या आतलं तापमान मोबाईलवर दिसतं हे कळल्यापासून ते दर पाच मिनिटांनी बघत. मामींच्या टायफॉईडमध्येसुद्धा त्यांनी इतकं थर्मामीटर पाहिलं नव्हतं. कागदपत्रं माझ्याकडं होती. प्रताप नगरातल्या घरी बसून मी इतके फॉर्म छापले की प्रिंटरला धाप लागली.

साहेबानं सील तोडायला लावलं. पहिलीच पेटी काढली, तर झाकण फुगलेलं. पेटीवर छापलं होतं, नग साठ. मी मोजली, बासष्ट. दुसरी उघडली, बासष्ट.

मामा गप्प झाले. डेपोतली कुत्री घाबरून उठून बसली.

त्यांनी हिंगण्याच्या शेडमध्ये फोन लावला. तिथल्या बायकांची मुकादमीण तीस वर्षं आमचीच संत्री भरत आलेली.

“काहून वं, साठाच्या पेटीत बासष्ट?”

“मंग?” ती म्हणाली. “दोन वरचे द्या लागते ना, भाऊ. तुम्हीच तं सांगतलं होतं. एवढ्या दुरून घेऊन राहिला तो माणूस, त्याले काय मोजून द्याचं?”

यावर मामांना ओरडता येईना. शिकवण त्यांचीच होती.

“साहेब, दोन जास्तच आहेत ना? कमी तर नाहीत?” मी विचारून पाहिलं.

“पेटीवर साठ, कागदावर साठ. आत साठ पाहिजेत.”

सकाळचे दहा वाजले होते. मामांनी बस करून शेडमधल्या सगळ्या बायका डेपोत आणल्या. पेटी उतरवायची, दोन काढायची, झाकण दाबायचं, पेटी परत चढवायची. बायकांचे हात असे चालले की मला प्रत्येकीला सहा-सहा दिसू लागले. बाजूला संत्र्यांचा डोंगर झाला. त्या दिवशी डेपोतल्या एकाही ड्रायव्हरनं जेवणाचा डबा उघडला नाही. साडेचारला कंटेनर पुन्हा काट्यावर चढला. वजन जुळलं. साहेबानं नवं सील ठोकलं, आणि एक संत्रं सोलत आत गेला.

गाडी सुटल्यावर मामांचा आवाज परत आला. बसमध्ये चढणाऱ्या मुकादमिणीला त्यांनी दारातच अडवलं.

“आता सांग वं, पुढच्या खेपेले पेटीत किती भरशीन?”

“साठ,” ती म्हणाली. “पेटीवर अठ्ठावन छापून आणा.”