मोज्यातली संत्री

आमच्या मागच्या अंगणात कोण कोण येतं असं विचारू नका, कोण येत नाही ते विचारा. जबलपूरला घर बांधायचं ठरलं तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, मुद्दाम टेकडीच्या बाजूचा प्लॉट घेतला. शांतता मिळेल म्हणाले. शांतता! सकाळी पोपट, दुपारी लंगूर, मधल्या वेळात खारी. एकदा तर न्हाणीघराच्या मागं घोरपड येऊन बसली होती, पाहुणी आल्यासारखी. पेरूचं झाड आमचं, पण पहिला घास कायम त्यांचा. पपई पिकलेली मी फक्त खालून पाहिली आहे.

पण मी काही हार मानणाऱ्यातली नाही. तीस वर्षं कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत आठवीच्या पोरांना गणित शिकवलं आहे, त्यापुढे लंगूर म्हणजे गरीब गाय. स्टीलची परात आणि लाटणं घेऊन मी मागच्या दारात उभी राहिले की टोळीचा म्होरक्यासुद्धा भिंतीवरून उतरताना दोनदा विचार करतो. अडचण होती ती शेजारच्या दीदींची. त्या मंगळवार-शनिवारी लंगूरांना चणे घालायच्या. त्यांच्याकडे चणे खाऊन पंगत माझ्याकडे फळांना यायची. मी बोलले की हात जोडायच्या, "भाभीजी, बजरंगबली के रूप हैं."

"तो बजरंगबली से कहिए, अमरूद पकने तो दें!" मी म्हणायचे.

ही सगळी थट्टा पेरू-पपईपुरती. एका झाडाच्या बाबतीत मात्र मी थट्टा खपवून घेत नसे. ते झाड संत्र्याचं, आणि ते माझ्या वाट्याचं होतं.

वाट्याचं म्हणजे खरोखर वाट्याचं. माझं माहेर काटोलकडचं, वडिलांची संत्र्याची बाग. बाबा गेले, आम्ही दोघंच, मी आणि थोरला भाऊ. आमच्याकडे रीत अशी की बहिणीनं हक्कसोड करायची, जमीन भावाच्या नावावर. मी तहसीलमध्ये गेले आणि सही करून मोकळी झाले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. जमीन नको होती मला, जबलपुराहून मी काय वखर चालवणार होते? पण त्या कागदावर सही करताना आपण त्या घरातून नाव खोडतो आहोत असं वाटलं, आणि दादा त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "मला साडी नको, काही नको. बाबांच्या बागेतलं एक कलम दे. तेवढा माझा वाटा."

"अवं, तिकडं नाही जगत संत्रा," दादा म्हणाला.

"जगवून दाखवते. फळ धरलं की तुला खायला बोलावीन."

दादानं बाबांच्या विहिरीजवळच्या झाडाचा डोळा बांधून कलम तयार केलं, आणि मी ते मांडीवर घेऊन गाडीनं जबलपूरला आणलं.

कलम लागलं. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं झालं. दुसऱ्या वर्षी त्याच म्होरक्यानं भिंतीवरून उडी मारली ती नेमकी त्याच्यावर. रोप बुडाशी मोडलं, वीतभर खुंट तेवढा उरला. मी परात टाकून मटकन बसले. हे म्हणाले, "दादांना सांग, दुसरं पाठवतील." काहून सांगू? 'तिकडं नाही जगत' म्हणालाच होता ना तो. मी कुणाला काही बोलले नाही. खुंटाभोवती आळं केलं, शेणखत घातलं, काट्यांचं कुंपण केलं. महिनाभरात खालून तीन फुटवे आले, असे तरारून की बघत राहावं. मी ह्यांना म्हटलं, "पाहिलं? माझ्यासारखंच आहे. मोडलं तरी वर येतं."

आणि मग ते झाड जे सुटलं! चौथ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर गेलं. पानं रुंद, काटे बोटाएवढे. काटे पाहून मी तर खूशच होते, आता येऊ दे म्हणावं लंगूर. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या यायच्या, त्या मी रोज सकाळी चिमट्यानं वेचायची. पाचव्या वर्षी फुललं आणि अकरा फळं धरली. मी दादाला लगेच व्हिडिओ कॉल लावला. झाडाच्या चारी बाजूंनी मोबाईल फिरवला. त्यानं मोबाईल इतका जवळ नेला की पडद्यावर नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"दिसून राहिलं ना?" मी विचारलं.

"दिसून राहिलं," तो म्हणाला. "चांगलं वाढवलं वो तू. भाऊबिजेला येतो मी."

घराच्या वास्तूनंतर तो आमच्याकडे आलाच नव्हता. दरवेळी काहीतरी निघायचं, कधी पेरणी, कधी तोडणी, कधी बागेत डिंक्या रोग. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला की झाड हातचं गेलं समजायचं, आणि त्याची अर्धी बाग तशी गेली होती. आता तो येतो म्हणाला, तोही आपणहून. ती अकरा फळं मला जिवापाड जपायची होती. माझा वाटा मी घालवला नाही, वाढवला, हे मला त्याला त्याच्याच तोंडात घास घालून सांगायचं होतं.

मग मी ह्यांचे जुने खाकी मोजे काढले. कारखान्यात बुटात घालायचे ते जाड लोकरी. एकेका फळावर एकेक मोजा चढवला आणि वरून सुतळी बांधली. ह्यांचा एक चांगला मोजाही त्यात गेला, त्यावरून दोन दिवस धुसफूस झाली. संध्याकाळी झाडाखाली कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, म्हणजे रस शोषणारे पतंग येत नाहीत. घर धुरानं भरायचं. सून खोकत खोकत खिडक्या लावायची. ती इथलीच, जबलपूरची मराठी मुलगी, निम्मं हिंदीत बोलते. एक दिवस मोजा गळून पडला आणि ते फळ आठवडाभर उघडंच राहिलं, पण कुणी चोच लावली नाही. पेरूचा तोवर पार फडशा पडला होता.

सून म्हणाली, "आई, मला वाटतं ना, त्यांना ही फळं चाहिए ही नहीं."

"चाहिए कसं नाही? माझा धाक आहे," मी म्हटलं. आणि शेजारच्या दीदींना भिंतीवरून ऐकवलं, की पाहा, संतरे को हाथ लगाने की हिंमत नहीं किसी की.

फळं पिवळट झाली, थोडी खडबडीत. मी मनात म्हटलं, इथली माती वेगळी, अंग वेगळं येणारच. आता तुम्ही म्हणाल, बागायतदाराची मुलगी ना तू? हो, पण मी संत्री पाहिली ती ओसरीवरच्या ढिगात. बागेत जायचं ते बाप्यांनी. मुलींना झाडापर्यंत कोणी नेलंच नव्हतं.

भाऊबीज आली. दादा आदल्या दिवशी आला, थकलेला, केस पार पांढरे झालेले. दुसऱ्या दिवशी पाट मांडला, ओवाळलं. शेजारच्या दीदींनाही मी मुद्दाम बोलावलं होतं. मग आतून ताट आणलं. शेंड्यावरचं एक तेवढं उंच म्हणून झाडावरच ठेवलं होतं, बाकी दहा ताटात रचली होती.

"घे. बाबांच्या झाडाचं," मी म्हटलं.

दादानं एक फळ उचललं, नाकाशी नेलं. नखानं साल काढली, पण ती सुटेना, जोर लावावा लागला. त्यानं एक फोड तोंडात टाकली. मग दुसरी, मग तिसरी. अख्खं फळ खाल्लं, बियासुद्धा ताटात टाकल्या नाहीत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून माझ्याही आलं.

"कसं आहे?"

"गोड आहे," दादा म्हणाला.

मी सुनेकडं बघितलं, दीदींकडं बघितलं, ह्यांच्याकडं तर दोनदा बघितलं. दुसरं फळ उचलून मी दीदींना द्यायला वळले, तोच दादानं अख्खं ताट स्वतःकडे ओढलं. "नाही, नाही! हे सारे माझे. बहिणीनं माझ्यासाठी लावले. कोणालेच नाही देत मी." आणि सगळी फळं आपल्या पिशवीत भरली. सगळे खूप हसले. दीदी म्हणाल्या, "भाई हो तो ऐसा."

दुपारी जेवणं होऊन सगळे आडवे झाले. मला काही झोप येईना, आनंदच एवढा. म्हटलं, शेंड्यावरचं एक आहे, ते आपण खावं. काठीनं पाडलं, तिथंच झाडाखाली सोललं आणि फोड तोंडात टाकली.

आई गं! दात आंबले, कानशिलापर्यंत कळ गेली. मी ते थुंकून टाकलं. दुसरी फोड खाऊन बघितली, तिलाही तीच चव. ते संत्रं नव्हतंच. आणि हे माझ्या भावानं बियांसकट गिळलं होतं.

मी तशीच हातातली सालं घेऊन व्हरांड्यात गेले. तो जागाच होता, खुर्चीत बसलेला.

"काहून खोटं बोलला तू?"

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. "तू खाल्लं का? एक झाडावर राहिलंच होय."

"काय आहे हे?"

"जंबेरी. बस ना, बस." मग त्यानं मला ते सांगितलं, जे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं आणि मला माहीत नव्हतं. संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडं असतात. खाली खुंट जंबेरीचा, आंबट रानटी लिंबाचा, कारण त्याची मुळं दणकट. वर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधलेला. जोडाच्या खाली मोडलं की संत्रं गेलं, मग खालून फुटते ती जंबेरी. "वरचं कधी मोडलं होतं?"

मग मी सगळं सांगितलं. लंगूर, परात, वीतभर खुंट. इतकी वर्षं लपवलेलं सांगताना मला रडू फुटलं. शाळेत पोरं मला थरथर कापायची आणि मी व्हरांड्यात बसून हुंदके देत होते. "माझ्या वाट्याला जंबेरी आली रे दादा. आणि मी तिला मोजे घालत बसले! त्या लंगूरांना कळत होतं, पोपटांना कळत होतं, एक मलाच कळलं नाही."

"मले व्हिडिओतच समजलं," तो म्हणाला. "पान रुंद होतं ना."

"मग आला काहून? लोकांपुढं तमाशा करायला?"

तो उठला. आत जाऊन ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उलगडलं तर हिरव्या काड्या होत्या, पेन्सिलीएवढ्या. विहिरीजवळचं बाबांचं झाड तेवढं अजून उभं आहे म्हणाला, त्याच्यावरून कालच कापल्या. एकेका काडीवर चार-पाच डोळे होते.

"खुंट तू जबरदस्त केला," दादा म्हणाला. "असा माझ्या बागेतही नाही." मग काड्यांकडेच बघत म्हणाला, "तू सही केली ना तहसीलमध्ये, तवा मी खिडकीतून बाहेर पाहून राहिलो होतो. तुझ्याकडं पाहायची हिंमत नोती मले. तुझा वाटा आहे हा. जंबेरी कसा राहू देऊ?"

मी हातातली सालं टाकली आणि त्या काड्या गोणपाटासकट उचलून घेतल्या.

त्याच दुपारी त्यानं झाडाच्या काटेरी फांद्या उतरवल्या. सालीला चीर देऊन सहा डोळे बसवले आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधले. मी बाजूला उभी राहून पट्ट्या देत होते. दुसऱ्या दिवशी ग्वारीघाटावर नर्मदेत आंघोळ करून तो गेला. जंबेऱ्याही घेऊन गेला, वहिनीनं त्यांचं लोणचं घातलं आणि मला बरणीभर पाठवलं. सहांतले चार डोळे वाळले, दोन फुटले. त्या दोघांवर मी घारीसारखी नजर ठेवली. जोडाखालचा प्रत्येक फुटवा दिसला की उपटला.

तीन वर्षांनी, म्हणजे ह्या वर्षी, सात फळं धरली. मोजे मी हातात घेतले होते, पण परत ठेवून दिले. दसरा गेला, दिवाळी आली, फळांवर रंग चढला. मी रोज मागच्या दारात येऊन बसायचे, परात न घेता. सून म्हणाली, "आई, आप ठीक तो हैं ना?"

परवा सकाळी पोपट आला. आधी पेरूवर बसला, मान वाकडी करून बघितलं, मग संत्र्यावर गेला आणि चोच मारली. एकदा मारली, परत मारली, मग निवांत खातच बसला. मी जागची हलले नाही. पोट भरून तो उडाला तेव्हा ते फळ तोडलं आणि दादाला फोन लावला.

"पोपटानं खाल्लं," मी म्हटलं.

तिकडून दादानं विचारलं, "किती खाल्लं?"

"अर्धं."

"राहिलेलं तू खाय. फोन चालू ठेव."

मी तिथंच पायरीवर बसून खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला.

"गोड आहे," मी म्हटलं.

"खरं सांगून राहिली ना?"

"खोटं बोलायला मी काय तू आहे?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही फोनवर रडलो.