मावशीची डुलकी

आमचे काका वकील म्हणून हुशार, पण बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. जेवताना मीठ मागायचं तरी आधी प्रस्तावना. मावशीने या माणसाशी चाळीस वर्षं संसार केलाय, याचं मला फार कौतुक वाटतं.

राजद्रोहाचा तो गाजलेला खटला कोणी घेईना. छापखान्यातले सात कामगार, सरकारविरुद्ध पत्रकं छापल्याचा आरोप, आणि सरकारी वकिलांनी मागितलेली जन्मठेप. मोठमोठ्या वकिलांना एकाएकी आपापल्या तब्येती आठवल्या. काकांनी वकीलपत्र घेतलं.

शेवटचा युक्तिवाद नेमका दुपारी जेवणानंतर होता, आणि जेवणानंतर न्यायाधीश पेंगतात हे कोर्टाच्या शिपायालाही ठाऊक होतं. सात जणांचं आयुष्य एका डुलकीवर टांगलेलं. शेवटी मावशीनेच तोडगा काढला. "रविवारी जेवणं झाली की मला वाचून दाखवा. मला झोप लागली, तर समजा त्यांनाही लागली."

पुढचं मी मावशीकडूनच ऐकलंय, ती झोपेत होती तेवढं काकांकडून.

काकांनी नव्वद पानं काढली. तिसऱ्या पानाला मावशी घोरू लागली. काका खाकरले, पाणी प्यायले, जुने निवाडे वाचत राहिले. एकसष्टाव्या पानावर मावशीने खाडकन डोळे उघडले.

"काय म्हणालात? छपाईयंत्राची मोटर त्या आठवड्यात दुरुस्तीला होती?"

"हो. दुकानाची पावती आहे."

"आणि साक्षीदार म्हणतो, यंत्र रात्रभर धडधडत होतं? अहो, मग हे साठ पानांखाली कशाला दडवून ठेवलं होतंत? एवढंच सांगा आणि खाली बसा."

"चाळीस निवाडे शोधलेत मी!"

"ते घरी ठेवा."

काका दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी कोर्टात अठरा मिनिटं बोलले. न्यायाधीशांनी चष्मा चढवला, पावती मागून घेतली, दोनदा वाचली. सातही जण सुटले. आता पुस्तकांत 'मोजका पण बिनतोड युक्तिवाद' असं छापून येतं. काका आणि मोजकं! मावशी ते वाचून हसून हसून बेजार होते.

हल्ली मावशीचे गुडघे ठणकतात, दुपारी झोप येत नाही. जेवणं झाली की काका कपाटातून ती जुनी पानं काढतात आणि पहिल्यापासून वाचायला लागतात. तिसऱ्या पानाला तिचा डोळा लागतो. काका हळू आवाजात वाचत राहतात. साठाव्या पानावर मात्र थांबतात. पुढचं वाचलं तर ती जागी होईल ना!