डबीतली धोंडुबाई

मंगळवार पेठेत केरबा फोटोवाल्याबद्दल विचारलं तर माणूस गुणी आहे असं सांगतात, आणि चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत त्याला वेड लागलंय हेही सांगून टाकतात. सांगणारं तोंड एकच असतं, त्यामुळं भांडण होत नाही.

अख्खी पेठ मोबाईलवर फोटो काढते. हा सहासष्ट वर्षांचा गृहस्थ मात्र अजून काळ्यापांढऱ्या फिल्मवर अडून बसलेला. पोटासाठी पासपोर्टचे फोटो कॉम्प्युटरवर काढून देतो, पण ते काढताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं असतं. फिल्म एकेकाळी महाद्वार रोडला दुधाच्या पिशवीसारखी मिळायची. आता मुंबईच्या एका दुकानदाराला फोन करायचा, तो पुढच्या महिन्यात बघू म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शेवटी केरबा, सांगलीचा एक आणि बेळगावचा एक असे तिघं समदुःखी मिळून शंभर फुटांचा एक डबा मागवतात आणि अंधाऱ्या खोलीत हातानं मापून वाटून घेतात. बेळगावकराचे हात लांब आहेत म्हणून मापायचं काम दर वेळी तोच अंगावर घेतो, असं सांगलीकराचं म्हणणं. मग केरबा आपला वाटा जुन्या रोलच्या नळकांडीत गुंडाळतो, काळ्या प्लास्टिकच्या डबीत घालतो आणि ती डबी शर्टाच्या खिशात, काळजाजवळ. बायकोचा फोटो त्यानं कधी खिशात ठेवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. हे त्या बायकोनं, संयोगितावैनींनीच हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

त्या जानेवारीत केरबाकडं फिल्मचा शेवटचा तुकडा उरला होता. अठरा फोटो निघतील एवढा. तो त्यानं उचगावच्या धोंडुबाईसाठी राखून ठेवला होता.

धोंडुबाई अठ्ठ्याऐंशीची. उभ्या जन्मात तिनं फोटो काढून घेतला नव्हता. आधार कार्डावर एक आहे, पण ती धोंडुबाई की तिची म्हैस यावर घरात एकमत नाही. मुलगा विजयसिंह मोबाईल पुढं धरायचा, की हिचा पदर तोंडावर. तिच्या मालकांचा फोटो मात्र सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत होता. फेटा, मिशा, आणि छाती अशी की चौकटीत मावत नाही. आता केरबा चालवतो त्याच पेठेतल्या स्टुडिओत त्याच्या वडलांनी तो काढला होता. संक्रांतीच्या आधी म्हातारीनं आपण होऊन केरबाला बोलावणं धाडलं. म्हणाली, काढ माझा. पण ह्यांच्यासारखा, बिनरंगाचा.

“त्यांच्या शेजारी रंगीत होऊन बसाय मला लाज वाटती,” ती म्हणाली.

मंगळवारी केरबा स्कूटरवरून उचगावला गेला आणि गोठ्याच्या दारातल्या उजेडात त्यानं अठरा फोटो काढले. पहिल्या काहींत म्हातारी तहसीलदारापुढं उभी असल्यासारखी ताठ होती. नंतर म्हशीनं मागून ढुसणी दिली, तशी हसली आणि सैल झाली. केरबा खुशीत घरी आला, पण रोल धुवायची पावडर संपलेली. ती मुंबईहून शुक्रवारी येणार होती. म्हणजे तोवर डबी खिशात.

गुरुवारी सकाळी धोंडुबाई त्याच गोठ्यात शेणावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी नऊला ऑपरेशन ठरलं. विजयसिंहाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. डॉक्टर म्हणत होते वय फार आहे, खात्री देता येत नाही. आणि आई म्हणत होती, फोटो बघितल्याशिवाय आत जाणार नाही. भिंतीवर मालकांच्या शेजारी आपण कशा दिसणार हे तिला आधी बघायचं होतं. आतनं मी माघारी आले तर आले, म्हणाली.

केरबानं छातीवरच्या खिशाला हात लावून शब्द दिला. शनिवारी आठ वाजता फोटो हजर.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी हळदीकुंकू होतं, आणि घात तिथंच झाला. चाळीस वर्षांच्या रिकाम्या काळ्या डब्यांची दोन पोती केरबानं माळ्यावर जपून ठेवली होती. संयोगितावैनींनी त्यातल्या एक्कावन्न डब्या काढल्या, धुतल्या, त्यात कुंकू भरलं आणि वाण म्हणून परातीत मांडल्या. संक्रांतीला काळं चालतंच. झाकणावर चिकटवायला टिकल्याही आणल्या होत्या, पण तिळगूळ करता करता राहून गेलं. नेमका त्याच वेळी केरबा शर्ट बदलायला आत आला. खिशातली डबी त्यानं काढून परातीच्या कडेला ठेवली, नवा शर्ट घातला, डबी उचलून खिशात टाकली आणि बायकांची गर्दी नको म्हणून स्टुडिओत जाऊन बसला.

शुक्रवारी दुपारी पावडर आली. केरबानं ती कोमट पाण्यात विरघळवली, घड्याळ लावलं, काळी कापडी पिशवी घेतली. ही पिशवी म्हणजे अंगरखाच, फक्त त्यात माणूस जात नाही, दोन बाह्यांतून हात तेवढे आत जातात आणि उजेड बाहेर राहतो. त्यानं डबी आणि फिल्म धुवायची तांब्याएवढी टाकी आत घातली, चेन लावली, बाह्यांत हात घातले आणि सवयीनं डोळे मिटून झाकण उघडलं. बोटांना नळकांडं लागायला हवं होतं. लागलं काहीतरी मऊ. पीठच जणू. तो तसाच थांबला. बोटं पुन्हा पुन्हा चाळवून बघितली. मग हात बाहेर काढले, तर कोपरापर्यंत लालभडक.

संयोगितावैनी चहा घेऊन आल्या आणि त्यांना वाटलं, ह्यांनी स्वतःला काहीतरी करून घेतलं. रक्त नव्हे हे कळल्यावर त्या आधी खाली बसल्या, मग सगळं ऐकलं, आणि मग चिडल्या. दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे सवाष्णीचं कुंकू परत मागायचं. पेठेत तोंड दाखवता येणार नाही. त्या काही एक्कावन्न दारं हिंडणार नव्हत्या. पण कोण कोण आलं होतं ते त्यांनी तोंडपाठ सांगितलं, कुणी कुठली साडी नेसली होती त्यासकट.

केरबा निघाला. कुणाचं कुंकू मागायचं नाही, नुसती डबी बघायची, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पण भर दुपारी लाल हाताचा माणूस दारात उभा राहून “तुमची डबी जरा बघू” म्हणाला तर लोक काय समजणार? प्रत्येक घरी बसा की, चहा घ्या की, आणि झालं काय हे दोनदा सांगा. डबी उघडावी, आत कुंकू. पुढच्या घरी पुन्हा कुंकू. दर झाकणाला त्याला एकच धास्ती. एखादीनं रोल सापडल्यावर हे काय म्हणून ओढून बाहेर काढला असेल तर? उजेड लागला की संपलं. अठरा धोंडुबाया एका क्षणात कोळसा होणार, आणि म्हातारी तर आता उठून बसू शकत नव्हती. अकरा घरं झाली, चार वाजले, पोटात सात कप चहा झाला. विठाबाईंचं दार मात्र बंद होतं. हाक मारली तर आतून कडी लावल्याचा आवाज आला.

बारावं घर भांडीवाल्या शंकरप्पांचं. त्यांची सून शिवांजली, निपाणीकडची, लग्नाला वर्षही झालेलं नाही. तिनं आपली डबी उघडून दाखवली. कुंकूच होतं. मग सासू आत गेल्याचं बघून ती हळूच म्हणाली, “काका, मी सांगितलं म्हणून सांगू नका. विठाबाईअज्जींच्या डबीत कुंकू नव्हतं. काळी जीभ बाहेर काढलेलं कायतरी होतं म्हणत होत्या.”

केरबाला लगेच उमगलं. रोल गुंडाळताना फिल्मचं टोक तो मुद्दाम बोटभर बाहेर ठेवतो, म्हणजे अंधारात सापडतं. त्या टोकाला जीभ म्हणायची कल्पना आजवर कुणाला सुचली नव्हती.

विठाबाई म्हणजे पेठेचं आकाशवाणी केंद्र. त्यांचं आणि संयोगितावैनींचं गच्चीतल्या वाळवणावरून चार महिने बोलणं बंद होतं. संक्रांतीचं निमित्त साधून वैनींनी त्यांना बोलावलं, गोड बोला म्हणाल्या, हातात डबी दिली, आणि घरी जाऊन बघतात तर डबीत कुंकवाच्या जागी जीभ. आता यात करणी दिसली नसती तर त्या विठाबाई कसल्या.

“मग डबी कुठाय, पोरी?”

“सकाळीच तिकटीवर ठेवून आल्या. लिंबू-मिरची घालून.”

केरबा चप्पल न घालताच पळाला. तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं अगदी मधोमध, काळ्या चिंधीत बांधलेलं गाठोडं होतं. वर लिंबू, बाजूला मिरच्या. रस्ता झाडणारीनं सकाळी सगळी तिकटी झाडली होती, पण गाठोड्याभोवती हातभर जागा सोडून. धुळीचं गोल कुंडाळं तसंच राहिलं होतं. मोटारसायकली लांबून वळसा घेत होत्या. ज्याला त्याला भीती होती, म्हणून दिवसभर त्याला कुणी हात लावला नव्हता. पण दुपारभर त्यावर ऊन होतं, आणि कोपऱ्यावरून विटांचा एक ट्रॅक्टर वळत होता. ड्रायव्हर नवखा दिसत होता, त्याला कशाची माहिती असणार?

केरबा दोन पावलं पुढं गेला आणि थांबला. खरं सांगायचं तर त्यालाही भ्यायला झालं. ती डबी आपली आहे, आत काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, असं तो स्वतःला सांगत होता. पण तिकटीवरचा उतारा उचलू नये हे त्याच्या आईनं त्याला चालायला यायच्या आधी शिकवलं होतं, आणि पाय तिचंच ऐकत होते. ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. केरबानं डोळे मिटले, वाकला आणि गाठोडं उचलून छातीशी धरलं.

चारी बाजूंनी माणसं थांबली. वरच्या गॅलरीत विठाबाई आल्या.

“केरबा, ठेव ते खाली. घरादाराचं वाटोळं करशील.”

“वैनी, करणी न्हवं ही. ह्यात धोंडुबाई हाय.”

त्याला म्हणायचं होतं तिचा फोटो आहे. पण घाईत तेवढाच शब्द गळाला, आणि केरबानं धोंडुबाई नावाची कुणी बाई डबीत कोंडून ठेवली आहे ही बातमी त्याच्याआधी पेठेत पोचली. ती अजून पूर्ण विझलेली नाही.

“वैनी, एकच सांगा. तुम्ही ती जीभ वडली काय?”

विठाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाल्या, “वीतभर. बघाय नको व्हय, किती लांब हाय ते?”

वीतभर म्हणजे चार फोटो तरी गेले. जास्त ओढलं असेल तर सगळेच. केरबानं घरी येऊन हात तीनदा घासले. कुंकवानं भरलेली पिशवी आता कामाची नव्हती, म्हणून मोरीच्या दाराला संयोगितावैनींनी दोन घोंगड्या लावल्या आणि बाहेरून स्वतः दार धरून उभ्या राहिल्या. आत अंधारात त्यानं फिल्म टाकीत चढवली. मग वीस मिनिटं तो टाकी उलटसुलट करत बसला. टाकीतल्या पाण्याचा डबडब आवाज तेवढा.

फिल्म बाहेर काढून दिव्यासमोर धरली. पहिली वीत काळीठिक्कर, जळालेली. पाचव्या फोटोपासून म्हातारी होती. फिल्मवर सगळं उलटं दिसतं, त्यामुळं तिचे पांढरे केस काळेभोर झाले होते, वीस वर्षांच्या पोरीसारखे. केरबा तिथंच पाटावर बसला.

फोटोचे कागद मात्र जुन्या पाकिटात तीनच उरले होते. दोन अंदाज घेण्यात गेले. तिसऱ्यावर त्यानं तो हसलेला, म्हशीनं ढुसणी दिलेला फोटो उतरवला. लाल दिव्याखाली त्यानं बोटं नीट तपासली होती, स्वच्छ दिसली. लाल दिव्यात लाल बोटं स्वच्छच दिसणार, हे चाळीस वर्षांच्या या उस्तादाला पांढरा दिवा लावल्यावर आठवलं. नखातला कुंकवाचा एक कण फिल्मवर पडला होता, आणि फोटोत धोंडुबाईच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला होता. बारीक ब्रशनं तो भरता आला असता. सकाळी सहाला केरबा ब्रश घेऊन बसलाही. पण हात असा थरथरत होता की कपाळाचा डोळा झाला असता. त्यानं ब्रश ठेवून दिला.

आठ वाजता दवाखान्यात म्हातारी हिरव्या कपड्यात पडली होती. कपाळ मोकळं. गेली एकोणतीस वर्षं तसंच. केरबानं फोटो तिच्या हातात दिला आणि पायाकडं जाऊन उभा राहिला. त्याच्या मनात एकच होतं. विधवा बाईच्या कपाळावर ठिपका, आणि तोही अशा दिवशी. तिनं अपशकुन मानला आणि आत जायला नाही म्हणाली तर?

म्हातारीनं फोटो लांब धरला, मग जवळ. नाक मोठं आलंय म्हणाली. म्हस दिसत न्हाय म्हणाली. मग बोट कपाळावर नेलं.

“हे काय रं?”

“डाग हाय, मावशी. माझ्या हातनं पडला. कुक्कवाचा कण. तुम्ही बाहेर आला की काढतो.”

विजयसिंह खिडकीबाहेर बघू लागला. म्हातारीचं बोट तिथंच थांबलं.

“पाटंचं दूध काढाय उठायची मी. आरसा कोण बघतंय? कुक्कू असंच वाकडं लागायचं,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे. त्येनी बी तसंच बघितलंय मला.”

मग फोटो लेकाच्या हातात देऊन तिनं बजावलं, डाव्या अंगाला लाव, आणि वॉर्डबॉयला म्हणाली, चल बाबा.

तीन तास केरबा बाकावर बसून नखं खरवडत होता. शेजारच्या माणसानं विचारलंसुद्धा, कुणाचं रक्त हो, पावणं. बारा वाजून गेल्यावर दार उघडलं, तेव्हा आधी तिचा आवाज बाहेर आला. पाणी मागत होती आणि देत नाहीत म्हणून शिव्या घालत होती.

फोटो उचगावच्या सोप्यात आहे, फेट्याच्या डाव्या बाजूला. भिंतीत मात्र तिथं तीन भोकं आहेत, कारण खिळा कुठं ठोकायचा हे धोंडुबाई खाटेवरून सांगत होती आणि दोनदा तिला तो सरळ वाटला नाही.